‘सेटिंग येते का?’ सीएनसीच्या कामावर नव्यानं लागणाऱ्या पोरांसाठी

हिंगणा एमआयडीसीत सीएनसीच्या, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनच्या, कामासाठी मुलाखतीला गेलात की दुसरा-तिसरा प्रश्न हाच येतो: “सेटिंग येते का?” नुकताच आयटीआय झालेला पोरगा इथं हमखास चाचरतो. त्यात त्याचा काही दोष नाही. घरी ‘पोरगा सेट झाला’ म्हणजे नोकरी लागली, मामेभाऊ ‘सेट’ची तयारी करतो म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, आणि ‘तिथं त्याची सेटिंग आहे’ म्हणजे काय हे नागपुरात कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

अशा वेळी सरळ उलट विचारा, “सर, फक्त ऑफसेट घ्यायचा का पूर्ण सेटअप लावायचा?” ही दोन वेगळी कामं आहेत. ऑफसेट म्हणजे मशीनला अंतराचे आकडे भरून देणं, ते पुढं येतंच. ड्रॉइंग वाचून जॉब (ज्यावर काम करायचं तो तुकडा) कसा धरायचा ते ठरवणं, टूल लावणं, प्रोग्राम चालवून पहिला पीस पास करून देणं, हा झाला सेटअप. ते करतो तो सेटर, आणि त्याचा पगार ऑपरेटरपेक्षा वरचा असतो. ऑफसेटच येत असेल तर तेवढंच सांगा. तुमच्या उलट प्रश्नावरूनच समोरच्याला कळतं की पोरगा मशीनवर उभा राहिलेला आहे.

मूळ इंग्रजीतही ‘सेट’ या शब्दाचा पसारा अफाट आहे. १९८९ साली ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची २० खंडांची दुसरी आवृत्ती निघाली, तीत सगळ्यांत लांब नोंद ‘सेट’चीच होती. एकट्या क्रियापदाचे चारशेहून जास्त अर्थ! पुढे ‘रन’नं त्याला मागं टाकलं म्हणतात. हे पाठ करत बसायचं नाही. शॉपफ्लोअरवर आठ-दहा अर्थांत काम भागतं. शब्द एकटा घेऊ नका, काय सेट करायचंय आणि शब्दाला मागं-पुढं काय चिकटलंय ते बघा.

फॅनुक (सीएनसीचे कंट्रोलर बनवणारी कंपनी) च्या पॅनेलवर एक कळ असते, तिच्यावर ‘ऑफसेट’ आणि ‘सेटिंग’ दोन्ही लिहिलेलं असतं. ऑफसेट म्हणजे अंतर. मशीनच्या शून्यापासून आपल्या जॉबचा शून्य किती लांब आहे ते जी-५४ मध्ये भरायचं. जी-५९ पर्यंत असे सहा कप्पे असतात. टूलची लांबी वेगळ्या पानावर, त्या टूलच्या एच नंबरसमोर. ती घेताना जॉबवर १० मिमीचा स्लिप गेज (नेमक्या जाडीचा ठोकळा) वापरतात. टूल गेजवर टेकवायचं नाही, कार्बाइड असेल तर कोपरा उडतो. टूल गेजच्या उंचीच्या जरा खाली आणायचं, गेज बाजूला धरायचा, आणि हँडव्हील (हातानं फिरवायचं चाक) ०.०१ मिमीवर ठेवून एकेक काटा वर घेत गेज आत सरकतो का बघायचं. जिथं तो अंग घासत पहिल्यांदा आत जातो, ती उंची. बोटाला ती घासण समजायला काही दिवस जातात, मग डोळे मिटूनही कळते.

त्याच पानावर आणखी एक जागा आहे, जिथं नव्या पोराच्या मागं सिनियर उभा राहतो. समजा साइजमध्ये ०.०२ चा फरक आला आणि ऑफसेटचा आकडा तेवढाच वाढवायचा आहे. ‘प्लस इनपुट’ दाबलं तर आहे त्या आकड्यात भर पडते. नुसतं ‘इनपुट’ दाबलं तर जुना आकडा जातो आणि तिथं ०.०२ बसतो. टूलच्या लांबीच्या रकान्यात हे झालं तर सायकल स्टार्ट दाबल्यावर टूल कुठं जाईल, याचा हिशेब तुम्हीच करा.

मॅन्युअल वाचताना वेगळीच गोची होते. ‘सेट’ या क्रियापदाचं रूप भूतकाळातही बदलत नाही. सेट, सेट, सेट. त्यामुळे ‘सेट द प्रेशर’ हा हुकूम, पण व्हॉल्व्हवरच्या पट्टीवर ‘सेट ॲट फॅक्टरी’ असेल तर तो हुकूम नाही. कारखान्यातून लावून आलंय, हात लावू नका, असा त्याचा अर्थ. मराठी माध्यमातली पोरं (मीही त्यातलाच) दोन्हीकडं ‘करा’ असंच वाचतात. भट्टीच्या कंट्रोलरवर एसव्ही म्हणजे सेट व्हॅल्यू, आपण मागितलेलं तापमान. पीव्ही म्हणजे आत्ता खरंच असलेलं. क्वालिटीवाला ‘सेट असाइड’ म्हणाला तर पीस वेगळे ठेवायचे. कोर्टाच्या बातमीत तेच दोन शब्द आले की निकाल रद्द झाला.

कधी कधी माणूस काहीच लावत नाही, वस्तूच सेट होते. नव्या मशीनखाली ओतलेलं ग्राउट (सिमेंटचा घोळ) सेट होतं, म्हणजे घट्ट होतं. स्प्रिंग फार दाबली गेली आणि मूळ लांबीवर परतली नाही, तर तिनं ‘परमनंट सेट’ घेतला म्हणतात. आणि आयटीआयच्या पहिल्या महिन्यात घासून घासून हात दुखवलेलं हॅक्सॉ ब्लेड आठवा: त्याचे दात आळीपाळीनं डावी-उजवीकडं वाकवलेले असतात, त्यालाही सेटच म्हणतात. त्यामुळं चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं अडकत नाही.

शिफ्ट बदलताना एक नक्की करा. रजिस्टरमध्ये बहुतेक जण ‘सेटिंग ओके’ लिहून मोकळे होतात. रात्रीचा ऑपरेटर मग गेटवर गाठून विचारतो, “काय सेट केलं बे भाऊ?”, आणि तोवर तुमची बस लागलेली असते. त्यापेक्षा ओळ अशी लिहा: टूल ४, नवीन इन्सर्ट, एच ४ मध्ये उणे ०.०३, पुढचे पाच पीस मोजले.