पॅकिंगच्या खोक्यांचे पैसे नेमके कुणी कापले? कार्डवरची अनोळखी नोंद दिसली तर या चुका टाळा

गणपतीच्या आधीपासून दिवाळीपर्यंत घरगुती धंदा करणाऱ्यांची पॅकिंगच्या मालाची खरेदी काही थांबत नाही. फराळासाठी डबे, केकसाठी खोकी, साड्यांसाठी कुरिअर बॅगा, शिवाय ब्राउन टेप, बबल रॅप, थर्मल लेबलचे रोल. ज्या साइटवर त्या दिवशी स्वस्त, तिथून मागवायचं. मग महिन्याने क्रेडिट कार्डचं स्टेटमेंट येतं. त्यात २,९७३ रुपये ६० पैसे कुठल्याशा 'पॉलिमर्स'च्या नावावर गेलेले असतात आणि पुढे गाव लिहिलेलं असतं बेंगळुरू. आपण तर या नावाच्या कुणाकडून काही घेतलेलं नाही आणि बेंगळुरूशी आपला संबंधही नाही.

अशा नोंदींपैकी बऱ्याच आपल्याच असतात. काही मात्र खरोखर चोरीच्या असतात, आणि त्यांच्या बाबतीत पहिल्याच दिवसापासून मुदत चालू झालेली असते. म्हणून घाबरून कार्ड बंद करणं जितकं चूक, तितकंच 'असेल आपलंच काहीतरी' म्हणून सोडून देणंही चूक.

नावावर जाऊ नका

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. साइटवर दिसतं ते दुकानाचं ब्रँडनेम. बँकेकडे जातं ते पेमेंट घेणाऱ्या खात्याचं नाव, आणि ते खातं बहुतेकदा मालकाच्या प्रोप्रायटरी फर्मचं, भागीदारीचं किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं असतं. या मालाचे कितीतरी विक्रेते मुळात प्लॅस्टिकचे किंवा खोक्यांचे कारखानदार. कारखाना वडिलांच्या काळातला, साइट मुलाने काढलेली. त्यामुळे साइटचं नाव चटपटीत आणि बिलावर मात्र 'अमुक पॉलिमर्स', 'तमुक पेपर प्रॉडक्ट्स'. त्यात स्टेटमेंटवर नावाला जागा जेमतेम वीस-पंचवीस अक्षरांची, म्हणून तेही मध्येच तुटलेलं.

शिवाय मध्ये पेमेंट गेटवे असतो, म्हणजे विक्रेत्याच्या वतीने ऑनलाइन पैसे स्वीकारणारी कंपनी. रेझरपे, पेयू, कॅशफ्री, सीसीअ‍ॅव्हेन्यू, बिलडेस्क ही त्यातली नावं. नोंदीच्या सुरुवातीला 'आरएझेड' आणि तारांकन दिसलं तर ते रेझरपे, 'पीवाययू' दिसलं तर पेयू. गाव कधीकधी विक्रेत्याचं नसून गेटवेचं छापून येतं. रेझरपेचं मुख्यालय बेंगळुरूत आहे, पेयूचं गुरुग्रामला. माल भिवंडीहून आला तरी स्टेटमेंटवर बेंगळुरू दिसू शकतं ते यामुळे. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर आणखी एक प्रकार: नोंदीत दुकानाऐवजी एखाद्या माणसाचंच नाव येतं.

यावर एक चांगला उपाय आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. ज्या साइटवरून खरेदी केल्याचा संशय आहे तिचं जुनं बिल काढा. त्यावर पंधरा अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे: २७ म्हणजे महाराष्ट्र, ३० गोवा, २४ गुजरात, २९ कर्नाटक. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर करदात्याचा शोध घेण्याची सोय आहे, तिथे लॉगिन लागत नाही. क्रमांक टाकला की कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव दोन्ही दिसतात. स्टेटमेंटवरचं 'पॉलिमर्स' तिथे सापडलं तर प्रश्न बहुतेक मिटला. बिल हाताशी नसेल तर साइटच्या तळाशी 'अटी आणि शर्ती' किंवा 'संपर्क' या पानावर कंपनीचं पूर्ण नाव पाहा.

डोक्यात राहिलेला आकडा शोधू नका

वरच्याच नोंदीचं पाहा. लक्षात काय राहिलं? 'एकवीसशेच्या बॅगा घेतल्या.' बिल काय झालं? बॅगा २,१००, वाहतूक ४२०, एकूण २,५२०. प्लॅस्टिकच्या कुरिअर बॅगांवर १८ टक्के जीएसटी, आणि त्याच बिलात वाहतुकीलाही तोच दर लागला. झाले २,९७३ रुपये ६० पैसे. घाऊक माल विकणाऱ्या साइटवर दर बहुतेकदा कर सोडून लिहिलेले असतात आणि खोकी हलकी असली तरी जागा खातात, म्हणून वाहतूक महाग पडते. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि तो आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त निघाला तर त्यावर पैसे लावतात. बबल रॅपचा रोल मागवणाऱ्याला हे पहिल्याच बिलात कळतं.

तेव्हा ईमेलमध्ये शोधताना गोल आकडा टाकू नका, स्टेटमेंटवरचा नेमका आकडा पैशांसकट टाका. सापडला नाही तर मेसेज उघडा. ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम आणि बहुधा विक्रेत्याचं नावही असतं. त्या दिवशी त्या रकमेचा ओटीपी तुमच्याच फोनवर आलेला असेल तर आधी घरात विचारा. जावेने तुमच्या कार्डवरून रिबन मागवली असेल, मुलाने अ‍ॅड-ऑन कार्ड वापरलं असेल. हे विचारायला लोकांना संकोच वाटतो आणि ते सरळ बँकेला फोन करतात. माझ्या मते घरातल्या चार माणसांना एक मेसेज टाकणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे.

दोन नोंदी एकाच रकमेच्या असतील तर बहुतेकदा पहिलं पेमेंट साइटवर 'फेल' दाखवून गेलेलं असतं आणि तुम्ही पुन्हा भरलेलं असतं. खात्यातून पैसे गेले पण विक्रेत्याकडे खात्री पोचली नाही, अशा ऑनलाइन कार्ड व्यवहारात पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत आणि पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. पण दोन्ही पेमेंट विक्रेत्याकडे पोचून दोन ऑर्डरी लागल्या असतील तर हा नियम कामाचा नाही, तिथे विक्रेत्याकडूनच परतावा घ्यावा लागतो.

गूगलवरून कस्टमर केअरचा नंबर घेऊ नका

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं तर हे ठेवा. स्टेटमेंटवरचं नाव गूगलमध्ये टाकून पुढे 'हेल्पलाइन' लिहिलं की खोटे नंबर टाकून बसलेले लोक सापडतात. पलीकडचा माणूस फार गोड बोलतो, 'रिफंड लगेच करतो' म्हणतो आणि स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप घ्यायला लावतो किंवा यूपीआय पिन टाकायला सांगतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. २,९७३ रुपयांच्या खऱ्या नोंदीचा शोध घेता घेता खातं रिकामं होतं, आणि तिथे ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिलेला असल्याने बँक हात वर करते. नंबर घ्यायचा तो कार्डाच्या पाठीवरून किंवा बँकेच्या अ‍ॅपमधून. विक्रेत्याचा घ्यायचा तर बिलावरून.

सरसकट 'फ्रॉड' म्हणू नका

बँकेला फोन लागला की लोक पहिलं वाक्य म्हणतात, 'माझ्या कार्डवर फ्रॉड झालाय.' झालं, कार्ड ब्लॉक. वीजबिल, मोबाइल, विमा, जे काही त्या कार्डावर आपोआप कापलं जात होतं ते सगळं अडकतं. नवीन कार्ड येईपर्यंत ऐन सीझनमध्ये माल मागवता येत नाही. आणि दोन दिवसांनी कळतं की ती ऑर्डर आपलीच होती. तोवर विक्रेत्याच्या खात्यातले पैसे अडकलेले असतात आणि त्याने पुढच्या वेळी तुमची ऑर्डर नाकारली तर त्याला दोष देता येत नाही.

तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत. नोंद ओळखता येत नसेल तर बँकेकडे फक्त व्यवहाराचा तपशील मागा: विक्रेत्याचं पूर्ण नाव, बारा आकडी आरआरएन (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक), व्यवहार देशातला की परदेशातला, ओटीपीने झाला की नाही. तो आरआरएन विक्रेत्याला किंवा गेटवेला दिला की ऑर्डर क्रमांक मिळतो.

व्यवहार तुमचाच आहे पण माल आलाच नाही, थ्री प्लायची (तीन थरांची) खोकी आली आणि पैसे फाइव्ह प्लायचे घेतले, निम्माच माल आला, तर तो विक्रेत्याशी वाद आहे. आधी त्याला लेखी कळवा आणि खोकं उघडतानाचे फोटो जोडा. त्याने दाद दिली नाही तर बँकेकडे 'डिस्प्यूट' अर्ज करून चार्जबॅक मागा, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत मागा. व्हिसा, मास्टरकार्डच्या नियमांत बहुतेक कारणांसाठी १२० दिवसांची मुदत असते, पण बँका आपल्या सोयीसाठी त्याहून कमी सांगतात, म्हणून महिनाभरातच अर्ज टाकलेला बरा.

आणि व्यवहार तुम्ही केला नाही, घरात कुणी केला नाही, ओटीपी आला नाही, तर तो फ्रॉड. तिथे मग एक तासही थांबू नका.

स्टेटमेंटची वाट पाहत बसू नका

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणीतरी व्यवहार केला, अशा वेळी बँकेचा मेसेज मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीही बोजा येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित बोजा येतो. बचत खातं किंवा ५ लाखांपर्यंत मर्यादेचं क्रेडिट कार्ड असेल तर तो जास्तीत जास्त १०,००० रुपये. सात दिवसांनंतर बँकेचं स्वतःचं धोरण चालतं. मुदत मोजायची ती बँकेच्या मेसेजपासून, स्टेटमेंटपासून नव्हे. स्टेटमेंट यायला महिना लागतो, म्हणजे ते पाहून दचकणाऱ्याची मुदत आधीच संपलेली असू शकते. म्हणून मेसेज आणि ईमेल सूचना चालू ठेवा, आणि जाहिरातींच्या गर्दीत बँकेचे मेसेज हरवत असतील तर वेगळे काढा.

कळवल्यावर कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. क्रेडिट कार्डावरचा व्यवहार फ्रॉड म्हणून नोंदवला असेल तर निकाल लागेपर्यंत त्यावर दंड-व्याज लावता येत नाही. बाकीचं बिल मात्र वेळेवर भरा, ते थांबवायचं कारण नाही. सोबत १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

परदेशी साइट असेल तर

चिनी साइटवरून छापील रिबन किंवा स्टिकर मागवणारे वाढलेत. तिथे ओटीपी न येताही पैसे कापले जाऊ शकतात, त्यामुळे वरची ओटीपीची खूण इथे चालत नाही. रुपयातला आकडा दोन दिवसांनी बदललेला दिसतो, कारण विनिमय दर व्यवहार पक्का होताना लागतो, त्यावर बँकेचा परकीय चलनाचा आकार आणि त्या आकारावर जीएसटी. काही बँका तर विक्रेत्याची नोंदणी परदेशात असेल तर रुपयातल्या बिलावरही आकार लावतात. एक-दोन रुपयांची नोंद ही कार्ड सेव्ह करतानाची पडताळणी असू शकते, पण काहीच सेव्ह केलं नसेल तर कुणीतरी तुमचं कार्ड चालतं का हे पाहतंय असं समजा. खरेदी झाली की अ‍ॅपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय वापर बंद करा. कार्डावरचा असा वापर चालू-बंद करण्याची सोय प्रत्येक बँकेने द्यायलाच हवी, असा नियम २०२० पासून आहे.

परताव्याबद्दल थोडक्यात: तो मूळ नोंदीतून वजा होत नाही, वेगळी जमा नोंद होऊन येतो, पुष्कळदा पुढच्या स्टेटमेंटमध्ये. तो मिळाला नाही असं वाटलं तर विक्रेत्याकडून तेवीस आकडी एआरएन (परताव्याचा माग काढण्याचा संदर्भ क्रमांक) मागा. बँकेला तो क्रमांक दिला की पैसे कुठे आहेत ते शोधता येतं.

बँकेला लिहिताना लांबलचक कहाणी नको. कार्डाचे शेवटचे चार आकडे, तारीख, पैशांसकट रक्कम, स्टेटमेंटवर छापलं आहे तसंच नाव आणि तीनपैकी तुमची तक्रार कुठली, एवढं पुरे. पूर्ण कार्ड क्रमांक आणि मागचे तीन आकडे ईमेलमध्ये लिहायचे नाहीत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवरून लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही. फक्त बँकेकडे आधी केलेल्या तक्रारीचा पुरावा जोडावा लागतो.