पाण्याच्या मेसेजपासून बाकापर्यंत : प्रभागात वावरताना या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका बुधवारी रात्री मेसेज पडला, ‘उद्या गुरुवारी विद्युत व स्थापत्यविषयक दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद राहील. शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल.’ पुण्यात राहणाऱ्याला हे वाक्य पाठ असतं. मी लगेच तो मेसेज जिन्यातल्या फळ्यावर उतरवला आणि सेक्रेटरींनी दोन टँकर सांगितले. गुरुवारी सकाळी नळाला धो धो पाणी. मेसेज आदल्या वर्षीचा होता. त्यात वार होता, वेळ होती, भागांची नावं होती, फक्त तारीख नव्हती. टँकरचे पैसे देखभाल खर्चात कुठल्या नावाने दाखवायचे, यावर वार्षिक सभेत पाऊण तास गेला.

तेव्हापासून फळ्याचं काम माझ्याकडेच आहे. शिक्षा म्हणून दिलं असावं. या फळ्यामुळे प्रभागातल्या बातम्या, अर्ज, बैठका आणि कार्यक्रम यांच्याशी बराच संबंध आला. त्यात आम्ही केलेल्या आणि इतरांना करताना पाहिलेल्या चुका लिहून ठेवतो आहे.

तारीख नसलेली बातमी

पाणी बंदचा मेसेज आला की आधी पूर्ण तारीख बघा, वर्षासकट. मग जलकेंद्राचं नाव बघा. पर्वती, वडगाव, वारजे, लष्कर, एसएनडीटी, चतुःशृंगी अशी केंद्रं आहेत आणि दुरुस्ती एकाच केंद्रात असली तर बाकी शहराला त्याची झळ बसेलच असं नाही. आपल्याकडे पाणी कुठल्या टाकीतून येतं हे निम्म्या सोसायट्यांना सांगता येत नाही. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या पाणीपुरवठ्याच्या माणसाला एकदा विचारा आणि उत्तर पंपाच्या खोलीत खडूने लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक मेसेजला ते कामी येतं.

मिळकतकराच्या अफवांनाही हेच औषध. स्वतः राहत असलेल्या घरावरची ४० टक्के सवलत गेली, परत आली, त्यासाठीचा पीटी-३ अर्ज भरा, भरू नका, असा २०२३ साली जो गोंधळ झाला त्यातले मेसेज अजून फिरतात. आपलं बिल उघडून सवलत लागली आहे का बघायला दोन मिनिटं लागतात. चर्चेला मात्र दोन तास.

चुकीच्या दारात तक्रार

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. रस्त्यावर काहीही बिघडलं की आपण ‘कॉर्पोरेशन काय करतंय’ म्हणतो. पण दिव्याचा खांब महापालिकेच्या विद्युत विभागाचा, त्याच्या शेजारची डीपी महावितरणची. झाडाची फांदी वाढली तर उद्यान विभाग, तीच फांदी विजेच्या तारेला टेकली तर आधी महावितरण. बसथांब्याची तक्रार पीएमपीएमएलकडे. कालव्याच्या कडेचा कचरा आणि खचलेली भिंत दिसली तर तो कालवा जलसंपदा विभागाचा आहे हे लक्षात घ्या. कॅम्पातल्या रस्त्याचा प्रश्न असेल तर तो भाग पुणे कॅन्टोन्मेंट बोर्डाचा आहे का ते आधी पाहा. बाह्यवळण महामार्गाचं दार तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं.

एकाच खात्यातही दोन दारं असतात. मोठे रस्ते मुख्य खात्याच्या पथ विभागाकडे आणि गल्लीबोळ क्षेत्रीय कार्यालयाकडे, अशी ढोबळ वाटणी आहे. महापालिकेची १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. घराजवळचं कार्यालय ते आपलंच, असा समज करून घेऊ नका. प्रभागाची हद्द रस्त्याच्या मधोमध गेलेली असू शकते. आमच्या चौकात हीच गंमत आहे. चौकाच्या एका कोपऱ्यावरचा कचरा एका कार्यालयाचा, समोरच्या कोपऱ्यावरचा दुसऱ्याचा. कचरा टाकणाऱ्यांना ही हद्द आमच्या आधी कळली होती.

झाकणाचंही तेच. रस्त्यातलं झाकण उघडं दिसलं की लोक ‘ड्रेनेजचं झाकण’ लिहून मोकळे होतात. ते पावसाळी गटाराचं असेल, पाण्याच्या व्हॉल्व्हचं असेल किंवा टेलिफोन केबलच्या चेंबरचं असेल. झाकणावर बहुतेक वेळा अक्षरं कोरलेली असतात. त्यांचा फोटो तक्रारीला जोडला की ती या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसत नाही.

‘आमच्या भागात फार त्रास आहे’

अशी तक्रार वाचून कनिष्ठ अभियंत्याने कुठे जायचं? एका अर्जात एकच विषय, आणि जागा अशी लिहा की नवा माणूसही न विचारता पोहोचेल. खांब बंद असेल तर खांबावरचा क्रमांक. खड्डा असेल तर कुठल्या दुकानासमोर, रस्त्याच्या कुठल्या बाजूला. फोटो काढताना मागे ओळखीची पाटी येऊ द्या; नुसत्या खड्ड्याचे फोटो सगळ्या शहरात सारखेच दिसतात.

महापालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली तर तिचा क्रमांक जपा. कागदावर दिली तर आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. या शिक्क्याला पोच म्हणतात, आणि पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. मुकादमाला तोंडी सांगितलेलं काम तो बरेचदा त्याच दिवशी करतोही, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याची बदली झाली की आपली तक्रारही त्याच्याबरोबर जाते.

तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून बंद झाली आणि खड्डा जागेवरच असेल, तर लगेच नवी तक्रार टाकू नका. जुनीच पुन्हा उघडता येत असेल तर ती उघडा. नसेल तर नव्या तक्रारीत जुना क्रमांक आणि त्याच कोनातला आजचा फोटो द्या. नवी तक्रार म्हणजे पहिल्या दिवसापासून मोजणी.

चार नगरसेवक, आणि कोणीच नाही

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकांकडे होता. जवळजवळ चार वर्षं ‘नगरसेवकाला सांगा’ हे वाक्यच बंद पडलं होतं. आता पुन्हा ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक आहेत. ४० प्रभागांत प्रत्येकी चार आणि एका प्रभागात पाच.

इथली नेहमीची चूक म्हणजे ओळखीच्या एकालाच पत्र देणं. तो म्हणतो ते काम दुसऱ्याने धरलंय, दुसरा म्हणतो मला विचारलंच नाही. त्यामुळे एकच पत्र, वरती चौघांची नावं, आणि प्रत सहायक आयुक्तांना, म्हणजे क्षेत्रीय कार्यालयाच्या प्रमुखांना. चौघांपैकी कोणाला श्रेय मिळेल याची काळजी तुम्ही करू नका, ती त्यांची ते घेतात.

मतदार यादीबद्दलही एक गैरसमज पक्का आहे. महापालिका निवडणुकीच्या आधी प्रारूप यादीवर हरकती मागवतात तेव्हा लोक नवं नाव घालायला रांग लावतात. ती यादी विधानसभेच्या यादीवरून प्रभागवार फोडलेली असते. त्या टप्प्यावर चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव किंवा लेखनिकाची चूक दुरुस्त होते, नवीन नाव घातलं जात नाही. नवं नाव घालायचं तर विधानसभेच्या यादीसाठीचा अर्ज, नमुना ६, पत्ता बदलायचा तर नमुना ८, आणि तेही निवडणुकीची चाहूल नसताना. भाड्याचं घर बदललेली मुलं यात हमखास अडकतात.

चुकीच्या महिन्यातली मागणी

पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेतली जातात. एका कामाची मर्यादा साधारण पाच लाखांपर्यंत. पदपथाची दुरुस्ती, दिवे, बाकं, स्वच्छतागृह, फलक अशी लहान कामं यात बसतात. ही योजना माहीत असलेले लोकही अर्ज करतात जानेवारीत, म्हणजे पेपरात ‘अंदाजपत्रक सादर होणार’ अशी बातमी आल्यावर. तोवर गाडी सुटलेली असते. सूचना मागवल्या जातात पावसाळ्याच्या उत्तरार्धात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास. गणपतीच्या गडबडीत ती जाहिरात कोणाच्या नजरेला पडत नाही. मी आता फळ्यावर श्रावणातच एक ओळ लिहून ठेवतो.

दुसरी चूक जागेची. आम्ही ज्येष्ठांसाठी बाकं मागितली आणि जागा लिहिली ‘प्रवेशद्वाराजवळ’. ती जागा सोसायटीच्या हद्दीत निघाली. खासगी जागेत सार्वजनिक पैसा खर्च होत नाही, अर्ज बाद. चूक पूर्णपणे आमची. अर्ज भरण्याआधी जागा महापालिकेच्या ताब्यात आहे का हे विचारायला हवं होतं, आणि विचारायचं कोणाला तर त्याच कनिष्ठ अभियंत्याला, कारण काम शक्य आहे की नाही याचा शेरा तोच मारतो.

काम अंदाजपत्रकात आलं म्हणजे झालं असंही समजू नका. छापील पुस्तकात आपल्या कामाची ओळ शोधा, तिचा क्रमांक लिहून ठेवा आणि दिवाळीनंतर निविदा निघाली का विचारा. महापालिकेत ‘वर्गीकरण’ असा एक शब्द आहे. ऐकायला शाळेतल्या विज्ञानाच्या धड्यासारखा, पण अर्थ असा की एका कामासाठी ठेवलेला पैसा दुसऱ्या कामाकडे वळवणं. ज्या कामाची कोणी चौकशी करत नाही ते वर्गीकरणाला सोपं. आणि ३१ मार्च उलटला की न खर्चलेल्या तरतुदीचं पुन्हा नव्या वर्षात पहिल्यापासून. मार्चअखेरीस गल्लोगल्ली पेव्हर ब्लॉक का बसतात, हे यावरून कळावं.

माहिती अधिकारात भांडण

‘रस्ता सहा महिन्यांत का उखडला?’ हा प्रश्न रास्त आहे, पण माहिती अधिकारात त्याला उत्तर मिळत नाही. तिथे कारण मागायचं नसतं, कागद मागायचा असतो. कार्यादेशाची (ठेकेदाराला काम दिल्याच्या आदेशाची) प्रत, झालेल्या कामाची मापं नोंदवलेल्या मोजमाप पुस्तिकेची प्रत, दोषदायित्व कालावधी किती आहे त्याचा उल्लेख असलेलं करारातलं पान. दोषदायित्व कालावधी चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. हा एक कागद हातात असला की पुढचं संभाषण फार शांतपणे होतं.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ते न करता पुन्हा नवा अर्ज करणारे लोक मी पाहिले आहेत, चिकाटी अफाट पण वाट चुकलेली. कित्येकदा अर्जाचीही गरज नसते. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना कागदपत्रं पाहू द्यावीत, असा राज्य सरकारचा २०१८ चा निर्णय आहे. आपल्या कार्यालयात ही सोय चालू असेल तर आधी फाईल बघा, मग नेमकी पानं मागा.

कार्यक्रम आपला, रस्ता सगळ्यांचा

मांडवाची परवानगी महापालिकेची, वाहतूक पोलिसांचं ना-हरकत वेगळं, ध्वनिक्षेपकाचा परवाना पोलीस ठाण्याचा. यातलं एक मिळालं म्हणजे तिन्ही मिळाले असं धरून चालणाऱ्या मंडळांची ऐनवेळी धावपळ होते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस कुठले हे त्या वर्षीच्या आदेशात बघा, मागच्या वर्षीच्या आठवणीत नको. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयाच्या १०० मीटरच्या आत असाल तर तो शांतता क्षेत्राचा प्रश्न, नियम आणखी कडक.

फ्लेक्सचं तर बोलायलाच नको. आकाशचिन्ह व परवाना विभागाची मान्यता न घेता चौकात लावलेला ‘भव्य रक्तदान शिबिर’ हा फलकही बेकायदेशीरच. हेतू चांगला म्हणून खांब आपला होत नाही. झाडाला खिळा ठोकून लावला असेल तर आणखीच वाईट. लोकांना खरंच बोलवायचं असेल तर आदल्या संध्याकाळी दोन मुलं घरोघर पाठवा. फ्लेक्स वाचून रक्त द्यायला आलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

अधिकाऱ्यांना बोलावून घेतलेल्या बैठकीत चौदा विषय ठेवू नका. आम्ही ठेवले होते. पहिल्या विषयावर, म्हणजे कुत्र्यांवर, सव्वा तास झाला, चहा आला आणि साहेबांना दुसरी बैठक होती. आता तीन विषय, प्रत्येकाला एकच बोलणारा, आणि निघण्याआधी हाताने लिहिलेलं इतिवृत्त वाचून दाखवतो. कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत. वाचून दाखवलेल्या कागदावर सही करायला सहसा कोणी नकार देत नाही.

बाकांचं शेवटी असं झालं की आम्ही वर्गणी काढली आणि दोन सिमेंटची बाकं आणून प्रवेशद्वाराजवळ, आमच्याच हद्दीत, बसवली. देणगीदारांच्या नावांची पाटी पाठीला लावली. पाटी रस्त्यावरून वाचता यावी म्हणून पाठ रस्त्याकडे केली. त्यामुळे आता संध्याकाळी सगळे आजोबा रांगेत बसतात आणि समोरच्या कंपाउंडच्या भिंतीकडे बघतात.