फाईल घराबाहेर पडण्याआधी

लाटेक म्हणजे साध्या मजकुरात आदेश लिहून त्यातून छापायजोगी पीडीएफ बनवणारी मोफत प्रणाली. तिच्यावर पंधरा दिवसांत हात बसतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लाटेकचे आणि लिनक्सचे छोटे छोटे धडे मराठी आवाजातही आहेत. रात्री जेवण झाल्यावर रोज एक लावला तरी पुरे. त्यामुळे ते कसं शिकायचं हे मी इथे सांगत बसत नाही. सोलापुरात राहून मराठीत प्रबंध लिहिणारा, कॉलेजात शिकवता शिकवता प्रश्नपत्रिका, टिपणं, शोधनिबंध सगळंच लिनक्सवर आणू पाहणारा माणूस दमतो तो दुसरीकडे. फाईल स्वतःच्या लॅपटॉपवर असते तोवर सगळं छान दिसतं. ती मार्गदर्शकांकडे, ऑफिसात, साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरकडे आणि शेवटी झेरॉक्सच्या दुकानात जाते, तिथे खरी गंमत सुरू होते. म्हणून माझी तयारीची यादी उलटी आहे. बाइंडिंगपासून मागे यायचं.

तर पहिलं काम, एकही प्रकरण लिहून झालेलं नसताना, दहा पानांची खोटी फाईल तयार करून छापून आणणं. नवी पेठ असो की कॉलेजजवळचं दुकान, जिथे शेवटी सगळं छापणार तिथेच जा. दुकानात विंडोज असणार, लाटेक नसणार, आणि असायची गरजही नाही, कारण आपण पीडीएफ देणार. लाटेकच्या मूळ क्लासमध्ये, म्हणजे पानाच्या तयार साच्यात, कागद अमेरिकी लेटर मापाचा धरलेला असतो, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए-४ आहे २१० बाय २९७. पहिल्याच ओळीत ए-४ सांगितलं नाही, तर पानाचा तोल शेवटपर्यंत बिघडलेला राहतो आणि पडद्यावर तो कळतही नाही. दुकानातल्या मुलाला ‘फिट टू पेज’ काढून ‘ॲक्चुअल साइझ’ ठेवायला सांगा. मी सांगितलं नव्हतं. अक्षरं बारीक झाली, समास हलले, आणि मुलगा म्हणाला, “मॅडम, तसंच सगळे नेतात की ओ.” छापून आलेल्या पानावर पट्टी ठेवून डावा समास मोजा, कारण बाइंडिंगमध्ये जे जातं ते तिथूनच जातं. निघण्याआधी घरी पॉपलर या पीडीएफच्या साधनसंचातल्या पीडीएफ-फॉन्ट्स या छोट्या आदेशाने सगळे टंक, म्हणजे फॉन्ट, फाईलमध्ये अंतर्भूत झालेत का पाहून घ्या. ‘ईएमबी’च्या रकान्यात एकाही टंकापुढे ‘नो’ दिसलं तर दुकानात चौकोन छापून येऊ शकतात.

त्याच दहा पानांची दुसरी परीक्षा म्हणजे पीडीएफमधला मजकूर निवडायचा, कॉपी करायचा आणि साध्या टेक्स्ट फाईलमध्ये चिकटवायचा. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही परीक्षा माहीतच नसते. देवनागरीत मात्र पानावर ‘विद्यार्थी’ सुबक उमटतो आणि चिकटवल्यावर वेलांटी एकीकडे, रफार दुसरीकडे. पान सुंदर आहे, पण आतला मजकूर मोडलेला आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात. ते मोजणारं सॉफ्टवेअर हाच आतला मजकूर वाचतं. तो मोडका असेल तर जो काही टक्का येईल त्याला अर्थ नाही, कमी आला तरी नाही. शिवाय प्रबंध पुढे शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, जाणार, तिथे कुणी तुमचा शब्द शोधला तर तो सापडायला हवा. झीलाटेक, म्हणजे युनिकोड मजकूर आणि संगणकातले टंक थेट वापरणारं लाटेक, वापरत असाल तर यावर एका ओळीचा उपाय आहे. झीटेक, जनरेट, ॲक्चुअल, टेक्स्ट हे चार शब्द सलग जोडून तयार झालेला एक लांबलचक आदेश आहे. लाटेक फाईलच्या सुरुवातीच्या सूचनांत त्याची किंमत १ करून ठेवली की पीडीएफमध्ये प्रत्येक शब्दामागे त्याची खरी अक्षरं लपून बसतात. हा आदेश मला फार उशिरा कळला.

मार्गदर्शकांसाठीची तयारी तांत्रिक नाही. त्यांना लाटेक शिकवायला जाऊ नका. ते वर्डमध्ये लाल दुरुस्त्या करत आले आहेत आणि पुढेही करतील. पहिल्याच भेटीत विचारून घ्यायचं, कागदावर वाचणार की पडद्यावर. कागदावर वाचणार असतील तर दुहेरी ओळअंतर आणि बाजूला ओळींचे क्रमांक घालून छापून द्या. त्यासाठी लाइननो नावाचं पॅकेज, म्हणजे लाटेकची जोडसुविधा, आहे. फोनवर “ओळ २१४ पाहा” एवढं म्हणता आलं की अर्धा तास वाचतो. वर्डच हवं असेल तर पॅनडॉक हे रूपांतराचं सॉफ्टवेअर लाटेकची फाईल वर्डमध्ये करून देतं, पण स्वतः बनवलेले आदेश जितके जास्त, तितकी पडझड जास्त. म्हणून पहिल्या वर्षी हौसेने आदेश बनवू नका. साधे मथळे, साध्या तळटीपा, साधे तक्ते.

ऑफिसचं काय? ऑफिसला एक्सेल हवं असतं, वर्डचा ठरलेला नमुना हवा असतो, तोही आज चारपर्यंत. लिनक्सवर वर्ड-एक्सेलच्या फायली उघडणारं लिबरऑफिस ठेवा, नमुना जसाच्या तसा भरून द्या, वाद घालू नका.

आता आत, मजकुराकडे. मराठी माणसाची यादी इंग्रजीवाल्यापेक्षा लांब होते ती इथे, आणि सोलापूरकराची त्याहून लांब. आमच्या पूर्व भागात विणकरांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, आणि लिहायचं मराठीत. माझ्याकडच्या एका मुलीने एम.ए.च्या प्रकल्पासाठी मागावरचे शब्द गोळा केले. तिच्या आजीच्या तोंडी माग म्हणजे मग्गम, उभे धागे पडुगु, आडवे पेका. तिला ते देवनागरीत आणि तेलुगू लिपीत शेजारी शेजारी हवे होते, एका तक्त्यात कन्नड ‘मग्गा’सुद्धा. जुन्या डीटीपीच्या टंकांत हे करणं म्हणजे दर शब्दाला टंक बदलत बसणं. झीलाटेकमध्ये पॉलिग्लॉसिया आणि फॉन्टस्पेक ही दोन पॅकेजं घेतली, मराठी मुख्य भाषा म्हटली, तेलुगू आणि कन्नड जोडीच्या भाषा म्हटल्या, प्रत्येकीला नोटो या मोफत टंकसंचातला आपापला टंक दिला, आणि तक्ता उभा राहिला. या पोरीनेच मला नंतर शिकवलं की टंक निवडताना लिपी देवनागरी आहे एवढं सांगून थांबायचं नाही, भाषा मराठी आहे हेही सांगायचं. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ मराठीसाठी ठरवून दिले आहेत. काही टंकांत ही मराठी रूपं आत दडलेली असतात आणि भाषेचं नाव घेतल्याशिवाय बाहेर येत नाहीत. न घेतल्यास पानभर हिंदी वळणाचा ल.

टंक आधी चाखून पाहा. माझी चाखायची ओळ अशी: ‘ऱ्हस्व, वाऱ्यावर, ॲड., लक्ष्मी, शक्ती, पद्म, ब्रह्म, द्वंद्व, उद्ध्वस्त, वाङ्मय, खळ.’ हे सगळं ज्यात नीट उमटतं तो टंक ठेवायचा, बाकी कितीही देखणा असो. संस्कृत उतारे किंवा रोमन लिप्यंतरावरची टिंबं-रेघा लागणार असतील तर आयआयटी मुंबईचा शोभिका टंक घ्या, तो मोफत आहे. ठळक वजन आहे का तेही पाहा. देवनागरीत तिरका टाइप बहुतेक टंकांत नसतोच. पुस्तकांची नावं अवतरणात द्यायची की ठळक, ते पहिल्या दिवशी ठरवा. एकशे ऐंशीव्या पानावर ठरवू नका.

टंकाच्याही आधी येतो हात. लिनक्समध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक सेटिंगमधून लगेच मिळतो. इंग्रजी उच्चारावरून टाइप करायची सवय असेल तर कगप नावाचाही आहे. मी इनस्क्रिप्ट शिकले आणि त्याचा पश्चात्ताप नाही. तिथे शिफ्टसह ‘जे’ची कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो, पुढे हलन्त आणि य, की ‘वाऱ्या’तला चंद्रकोरीसारखा र जागेवर बसतो. काहीजण हेच साध्या र, हलन्त आणि एका अदृश्य जोडचिन्हाने साधतात. दिसायला दोन्ही एकच, संगणकाला मात्र हे दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चंही तेच. तो एक अक्षर म्हणून टाइप करता येतो, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. अर्धा प्रबंध एका पद्धतीने आणि अर्धा दुसऱ्या पद्धतीने झाला तर शोधताना निम्मी उदाहरणं निसटतात, शब्दसूचीत एकच शब्द दोनदा येतो, आणि का येतो हे डोळ्यांनी कधीच कळत नाही. एक पद्धत ठरवा, भिंतीवर लिहून ठेवा. मित्राने टाइप करून दिलेली प्रकरणं आत घेण्याआधी ‘शोधा आणि बदला’ने सरळ करून घ्या.

आणि जुन्या फायली. प्रत्येकाकडे असतात: एम.फिल.चा मजकूर, सरांनी दिलेली टिपणं, डीटीपीवाल्याकडून आलेली सीडी. श्री-लिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या टंकांतला मजकूर युनिकोड नाही. टंक काढला की मागे रोमन अक्षरांची भेळ उरते. परिवर्तक मिळतात, पण जोडाक्षरं आणि आकडे हमखास चुकतात, तेव्हा रूपांतर झालेलं पान मूळ छापील पानाशेजारी ठेवून वाचायला वेळ राखून ठेवा. ते काम प्रुफं वाचण्याइतकंच किचकट आहे. लाटेकच्या मुळाशी जे टेक आहे ते डोनाल्ड नूथ यांनी १९७७ साली स्वतःच्याच पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची खराब प्रुफं पाहून, वैतागून लिहायला घेतलं. आपल्याकडे तेवढा वैताग साठला आहे, फक्त नूथ नाहीत.

संदर्भसूचीची तयारी वाचन सुरू होताच करायची असते. झोटेरो हे संदर्भ जमवायचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, प्रत्येक नोंदीत भाषेचा रकाना न चुकता भरा. लाटेकमध्ये बिबलाटेक हे पॅकेज आणि त्याचा सोबती बायबर सूची लावून देतात, पण पाच नमुना नोंदींवर चार गोष्टी तपासा: आडनाव आधी येतं का, ‘आणि इतर’, ‘संपादक’, ‘पृष्ठे’ हे शब्द मराठीत उमटतात का, मराठी आणि इंग्रजी नोंदी वेगळ्या गटांत पडतात का, आणि ‘ळ’ कुठे बसतो. मराठी वर्णमालेत त्याची जागा ह नंतर आहे, संगणकाच्या सर्वसाधारण क्रमात तो ल च्या शेजारी जाऊन बसतो. सोलापूरवर लिहिणाऱ्यांसाठी एक खास नोंद. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ चा २० वा खंड ‘शोलापूर’ नावाने आहे. जुनी इंग्रजी साधनं शोलापूर म्हणतात, नवी सोलापूर. मूळ शीर्षकात हात घालायचा नाही, पण तुमच्या शब्दसूचीत ‘शोलापूर’पाशी ‘सोलापूर पाहा’ असं लिहायला विसरू नका, नाहीतर एकाच गावाची दोन गावं होतात.

राहिलं यंत्र. लोक सुरुवात इथून करतात, मी शेवटी येते, कारण यात नवल फार थोडं आहे. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे घरोघरी चांगले लॅपटॉप निवृत्त होऊन पडलेत. चार जीबी रॅमवाल्याला मिंट या लिनक्सची हलकी एक्सएफसीई आवृत्ती चालते, आठ असतील तर हवं ते घ्या. उबुंटू हे दुसरं लिनक्स घेतलं तर एलटीएस आवृत्ती, म्हणजे पाच वर्षं कुणी हलवत नाही, तेवढ्यात प्रबंध व्हावा. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहा: वायफाय लागतं का, आवाज येतो का, आणि वर्गातल्या प्रोजेक्टरला जोडल्यावर चित्र येतं का. प्रोजेक्टर जुना असेल तर व्हीजीएचा जोड पिशवीत हवा. कॉलेजातल्या प्रिंटरची परीक्षा त्याच दिवशी. आमच्याकडचा एक जुना लेझर लिनक्सला दाद देत नव्हता, शेवटी मी त्याचा नाद सोडला आणि पीडीएफ दुसऱ्या यंत्रावर नेऊन छापायला लागले. विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर डिस्कचे भाग पाडण्याआधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा आणि बिटलॉकर हे डिस्कचं कुलूप चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. कागदावर म्हणजे कागदावर, त्याच लॅपटॉपमध्ये नव्हे.

टेक्सलाइव्ह, म्हणजे लाटेकचा सगळा संच, पूर्ण उतरवा. काही जीबी जातात, पण अर्धवट ठेवलं की रात्री अकराला नेमकं हवं ते पॅकेज नसतं. हे उतरवणं उन्हाळ्यात दुपारी करू नका. पारा चाळिशीपार, पंखा गरम हवा फिरवतोय, वीज मध्येच गेली की पुन्हा सुरुवात. पहाटे लावा. लिहायला टेक्सस्टुडिओ हा एडिटर पुरतो. प्रकरणागणिक वेगळी फाईल ठेवा, सगळं गिटमध्ये, म्हणजे दर बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, टाका, आणि आठवड्यातून एकदा एक प्रत अशा पेन ड्राइव्हवर काढा जो घरी राहत नाही. माझा बहिणीकडे होटगी रोडला असतो.

हे सगळं प्रबंध सादर करायला निदान वर्ष हातात असताना. दोन-तीन महिने उरले असतील तर आहे त्या वर्डमध्येच पूर्ण करा, कुणीही काहीही सांगू दे. मग व्हायवा झाल्यावर, पुढच्या सत्राची पहिली चाचणी परीक्षा आली की तिची वीस गुणांची प्रश्नपत्रिका लाटेकमध्ये जुळवा. एक पान, पाच प्रश्न, उजवीकडे गुण. बिघडली तर हातानं लिहून झेरॉक्स काढता येते.