नेलपॉलिशच्या ठशावरून पर्णरंध्रांची मोजणी कशी करावी

इंग्लंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ इयन वुडवर्ड यांनी १९८७ मध्ये केंब्रिजच्या वनस्पतिसंग्रहातील वाळवलेली जुनी पाने तपासली आणि समशीतोष्ण प्रदेशातील आठ जातींच्या पानांवरील पर्णरंध्रांची (वायूंची ये-जा होणाऱ्या सूक्ष्म छिद्रांची) घनता दोनशे वर्षांत सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे दाखवून दिले. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पुरेसा वायू कमी रंध्रांतूनही आत येतो आणि पाण्याचा व्यय वाचतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. अशी मोजणी महाविद्यालयातील साध्या सूक्ष्मदर्शकावर करता येते. तिच्यातील अवघड भाग ठसा घेण्याचा नसून पाने निवडण्याचा आणि आकड्यांचा अर्थ लावण्याचा आहे. पुढील मार्गदर्शनात म्हणूनच त्यावर अधिक भर दिला आहे.

सुरुवातीला जास्वंद किंवा रिओ ही शोभेची वनस्पती घ्यावी. रिओची रंध्रे मोठी असतात आणि तिच्या पानाची खालची अपित्वचा (पेशींचा सर्वांत बाहेरचा पातळ थर) सालीसारखी सोलून थेट पाहता येते. आंब्याची रंध्रे केवळ पानाच्या खालच्या बाजूस असतात, तर कमळाची पाण्यावर तरंगणाऱ्या पानाच्या वरच्या बाजूस, त्यामुळे कोणती बाजू तपासायची हे आधी ठरवावे. कण्हेरीची रंध्रे लव असलेल्या खोलगट खळग्यांत दडलेली असल्याने ठशात उमटत नाहीत, आणि सागाच्या पानावरील लव ठसा बिघडवते. या दोन्ही वनस्पती टाळाव्यात.

पान ओल्या कापसाने पुसून पूर्ण कोरडे करावे आणि मधली शीर व कडा यांच्या मधोमध, शिरा टाळून, पारदर्शक नेलपॉलिशचा एकच पातळ थर लावावा. जाड थराखाली पेशींच्या सीमारेषा पुसट होतात. दहा-पंधरा मिनिटांत थर वाळला की त्यावर पारदर्शक चिकटपट्टी हलकेच दाबून तो उचलावा आणि पट्टी काचपट्टीवर चिकटवावी. पाण्याचा थेंब किंवा आच्छादन काच लागत नाही. रंध्रे उघडी होती की मिटलेली, याचा निष्कर्ष मात्र या ठशावरून काढू नये, कारण नेलपॉलिशमधील द्रावकाने रंध्राची उघडझाप करणाऱ्या रक्षक पेशींची स्थिती बदलू शकते.

मोजणीसाठी दृष्टिक्षेत्राचे क्षेत्रफळ ठाऊक हवे. नेत्रिकेवर १८ हा क्षेत्रांक (दृष्टिक्षेत्राचा मिलिमीटरमधील आकडा) छापलेला असेल आणि वस्तुभिंग ४० पटींचे असेल, तर क्षेत्राचा व्यास १८ भागिले ४०, म्हणजे ०.४५ मिलिमीटर, आणि क्षेत्रफळ सुमारे ०.१६ चौरस मिलिमीटर येते. त्यात ३२ रंध्रे दिसली, तर घनता दर चौरस मिलिमीटरला सुमारे २०० झाली. कडेवर अर्धवट दिसणाऱ्या रंध्रांसाठी एकच नियम ठरवून शेवटपर्यंत पाळावा. उदाहरणार्थ, वर्तुळाच्या डाव्या अर्ध्या कडेवरची मोजावीत आणि उजव्या कडेवरची सोडावीत.

एवढ्यावर थांबल्यास मात्र फसगत होते. पाणी मुबलक मिळालेल्या पानाच्या पेशी अधिक फुगतात, रंध्रे एकमेकांपासून दूर जातात आणि घनता घटते; प्रत्यक्षात पानाने कमी रंध्रे तयार केलेली नसतात. म्हणून सॅलिस्बरी यांनी १९२७ मध्ये सुचवलेला रंध्र-निर्देशांकही काढावा: रंध्रांच्या संख्येस, रंध्रे आणि अपित्वचेच्या इतर पेशी यांच्या एकूण संख्येने भागून १०० ने गुणावे. २० रंध्रे आणि १८० इतर पेशी असतील, तर निर्देशांक १० येतो. पेशी केवळ फुगल्या तर तो फारसा हलत नाही. तो बदलला, तर विकासाच्या वेळी पेशींचे विभाजनच वेगळे झाले असावे.

हे विभाजन कसे ठरते, याचा उलगडा गेल्या दोन दशकांत ॲराबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीत झाला. रंध्रे घडवणाऱ्या पेशींच्या वंशातील पहिले असमान विभाजन ‘स्पीचलेस’ नावाचे जनुक सुरू करते, पुढच्या पायऱ्या ‘म्यूट’ आणि ‘फामा’ सांभाळतात, आणि शेजारच्या पेशीतून येणारे लहान प्रथिन-संकेत दोन रंध्रांमध्ये किमान एक पेशी राहील याची काळजी घेतात. (बेगोनियात मात्र रंध्रे मुळातच पुंजक्याने असतात, तेव्हा तिथे हा नियम शोधत बसू नये.) यांपैकीच एका संकेताचे प्रमाण वाढवून शेफील्ड विद्यापीठ आणि फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या संशोधकांनी आयआर-६४ या भाताच्या वाणात रंध्रे कमी केली, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात ती रोपे कमी पाणी वापरून दुष्काळात अधिक तग धरून राहिली.

आता झाडे निवडण्याकडे वळावे. उन्हातील पानांवर सावलीतील पानांपेक्षा रंध्रे सहसा दाट असतात, त्यामुळे रस्त्याकडेची झाडे आणि बागेतील झाडे यांची तुलना करताना दोन्हीकडे सारख्या उंचीवरची, सारख्या उजेडातली आणि पूर्ण वाढलेली पाने घ्यावीत. सर्वांत जास्त घोटाळा पुढील बाबतीत होतो: एका झाडाच्या पाच पानांवर पाच-पाच क्षेत्रे मोजली, तर २५ नमुने झाले असे मानले जाते. नमुना एकच असतो, ते झाड. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये पर्यावरणशास्त्रातील प्रयोगांचा आढावा घेऊन या चुकीकडे लक्ष वेधले होते, तरी ती प्रकल्पांच्या वह्यांत अजून सर्रास दिसते. पाच क्षेत्रांची सरासरी पानाची, पानांची सरासरी झाडाची, आणि तुलना झाडांच्या सरासरींची, असा क्रम ठेवावा. पाने कमी घेतली तरी चालतील, झाडे अधिक घ्यावीत.

मुंबईतील ब्लॅटर हर्बेरियम किंवा पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहातील जुन्या नमुन्यांशी तुलना करायची असल्यास आधी लेखी परवानगी घ्यावी आणि संग्रहातील पानावर नेलपॉलिश कधीही लावू नये. आपल्या प्रत्येक काचपट्टीवर जात, झाडाचा क्रमांक, पानाची बाजू, ठिकाण आणि तारीख त्याच दिवशी लिहावी, आणि मोजणी करणाऱ्याला पट्टी कोणत्या गटातली आहे हे मोजणी संपेपर्यंत कळू देऊ नये.