कारखान्याचे संमतीपत्र: अर्ज अडवणाऱ्या या चुका टाळा

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ज्या परवानगीला औद्योगिक वसाहतींत सर्रास ‘कन्सेंट’ म्हणतात, ती सर्वसाधारणपणे दोन टप्प्यांत मिळते: उभारणीपूर्वी स्थापना संमती आणि उत्पादनापूर्वी संचालन संमती. 1974 च्या जल कायद्याचे कलम 25 आणि 1981 च्या वायू कायद्याचे कलम 21 हा तिचा आधार आहे. तरीही एमआयडीसीचा भूखंड ताब्यात आला, कर्ज मंजूर झाले, शेड उभी राहिली आणि यंत्रे बसली, की मगच अनेकांना या अर्जाची आठवण होते. उद्यम नोंदणी, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला किंवा मंजूर नकाशा यांपैकी काहीही संमतीची जागा घेऊ शकत नाही. ज्या प्रकल्पांना केंद्राच्या 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते, त्यांनाही संचालन संमती वेगळी घ्यावी लागते.

दुसरी चूक उद्योगाच्या वर्गवारीची. लाल (सर्वाधिक प्रदूषण करणारे), नारिंगी, हिरवा आणि पांढरा (सर्वांत कमी) हे वर्ग प्रदूषण निर्देशांकावर ठरतात, त्यामुळे शेजारच्या शेडला हिरवा वर्ग मिळाला म्हणून आपल्यालाही तोच मिळेल असे गृहीत धरणे महागात पडते. नुसती जुळणी करणाऱ्या कारखान्यात पुढे धातू आम्लाने धुण्याच्या टाक्या बसवल्या, तर प्रक्रियाच बदलते आणि जुनी वर्गवारी पुन्हा तपासावी लागते.

अनेक अर्ज मात्र पाण्याच्या ताळेबंदावर अडतात. समजा, अर्जात रोजचा पाणीवापर 12 घनमीटर लिहिला आहे आणि सोबत जोडलेल्या पाणीबिलातून तो 20 घनमीटर निघतो. मग उरलेले 8 घनमीटर गेले कुठे, हा प्रश्न येणारच. प्रक्रिया, कुलिंग टॉवर, बॉयलर, कामगारांचा वापर आणि बाग असे प्रत्येक ठिकाणचे पाणी किती, त्यातले बाष्प होऊन किती गेले आणि सांडपाणी किती उरले, हे मीटर पाहून लिहावे. सल्लागाराने दुसऱ्या अर्जातून उचललेला तक्ता (आणि तो उचललेला असतो हे दोन ओळींत कळते) अधिकाऱ्यालाही लगेच ओळखू येतो.

शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरते. सनदी लेखापालाच्या दाखल्यात घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) वजा करून रक्कम लिहिल्यास शुल्क कमी भरले जाते, फरकाची मागणी येते आणि तोवर अर्ज पडून राहतो. जनित्राच्या धुरांड्याची उंचीही अशीच अंदाजाने लिहिली जाते. हिशेब सोपा आहे: क्षमतेच्या केव्हीए आकड्याचे वर्गमूळ काढून 0.2 ने गुणावे आणि येणारे मीटर इमारतीच्या उंचीत मिळवावेत. 100 केव्हीएच्या जनित्राला इमारतीपेक्षा 2 मीटर उंच धुरांडे लागते.

संमती हाती आल्यावर ती फाइलमध्ये जाते आणि तिच्या अटी कोणी वाचत नाही, ही चूक फार मोठी. संमतीत उत्पादनांची नावे आणि कमाल प्रमाण दिलेले असते. ऑर्डर वाढली म्हणून उत्पादन वाढवायचे किंवा इंधन बदलायचे असेल, तर आधी संमतीत बदल करून घ्यावा. पर्यावरण विवरणपत्र दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत आणि घातक कचऱ्याचे वार्षिक विवरण 30 जूनपर्यंत द्यावे लागते. सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या नोंदवहीत महिनाभर एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात ‘सामू 7.5’ (सामू म्हणजे पीएच) लिहिलेला असेल आणि केंद्राचा वीजमीटर मात्र जागचा हललेला नसेल, तर त्या वहीचा उपयोग कारखान्याच्या विरोधातच होतो.

कारणे दाखवा नोटीस आली, तर फोनवर बोलून विषय मिटला असे समजू नये. प्रत्येक मुद्द्याला लेखी उत्तर द्यावे. सोबत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल, दुरुस्तीच्या खरेदी आदेशाची प्रत आणि काम पूर्ण होण्याची तारीख जोडावी. उत्तर न दिल्यास जल कायद्याच्या कलम 33-अ खाली बंदचा आदेश निघू शकतो आणि त्यात वीज व पाणी तोडण्याचाही समावेश असू शकतो. त्यानंतर दुरुस्ती झाली तरी लेखी परवानगीशिवाय यंत्रे सुरू करू नयेत, कारण त्या दिवसांचे वीजबिलच पुढे पुरावा म्हणून समोर ठेवले जाते.