चांदीच्या जुन्या टाकांचा संग्रह कसा करावा

देवघरात ताम्हणात मांडलेले चांदीचे छोटे पत्रे, म्हणजेच टाक, आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून पाहिलेले असतात. पण जवळून कितीजणांनी पाहिलेत? दोन-तीन बोटं उंचीच्या पत्र्यावर घोडेस्वार खंडोबा, त्याच्यासोबत म्हाळसा, उगारलेली तलवार, घोड्याच्या पायाशी कुत्रा आणि मणी-मल्लांचा पाडाव, असं अख्खं आख्यान उठवलेलं असतं. टाक झिजला की घरची मंडळी नवा घडवून घेतात. जुना पाण्यात विसर्जन होतो, नाहीतर मोडीत जातो.

आधी टाक वाचायला शिका. घोड्यावर देव दिसला की लगेच खंडोबा म्हणू नका. जोतिबाही घोड्यावरच असतो. सोबत म्हाळसा आणि कुत्रा दिसला तर खंडोबा ओळखायला सोपा जातो. तुळजाभवानीला आठ हात आणि पायाखाली महिषासुर, सप्तशृंगीला अठरा हात. खरी मौज वीरांच्या टाकांत आहे. वीर म्हणजे घराण्यातला लढाईत किंवा अकाली गेलेला पूर्वज. त्याला जास्तीचे हात नसतात. असते ती ढाल-तलवार, पागोटं, कधी घोडा. कारागिराने भोवतीची माणसं बघून ती वेशभूषा उठवलेली असते, म्हणून मला वीराचा साधा टाकसुद्धा मोलाचा वाटतो. धुळवडीला नाशिकमध्ये वीरांची मिरवणूक गोदावरीवर जाते, ती एकदा जरूर बघा. टाकांमागची माणसं तिथे भेटतात.

टाक मिळतात कुठे? पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार आहेच. पण ओळखीच्या सराफाला सांगून ठेवणं सगळ्यांत चांगलं: मोडीत टाक आला तर वितळवण्याआधी मला दाखवा. मोडीच्या भावावर थोडे जास्त द्या. चांदी काही ग्रॅमच असते, तुम्ही पैसे मोजता ते हाताच्या कामाचे.

घेण्याआधी टाक उलटा करून बघा. पातळ पत्रा ठशावर ठोकून नक्षी उठवलेली असते, म्हणून पुढे जिथे उंचवटा तिथे मागे खळगा हवा. काही टाकांना मागून तांब्याचा पत्रा जोडलेला असतो, तेव्हा कडेची जोडणी तपासा. मग झीज बघा. पिढ्यान्‌पिढ्या अभिषेक झालेल्या टाकाचं नाक, गुडघा, घोड्याचं तोंड गुळगुळीत होतं, आणि खोबणीत मात्र हळदीचा पिवळा कण टिकून राहतो. सगळीकडे सारखाच काळा रंग असेल तर तो मुद्दाम जुना दिसावा म्हणून दिलेला असू शकतो. लोहचुंबकावर विसंबू नका. तो चांदीला चिकटत नाही, पण जर्मन सिल्व्हरलाही सहसा चिकटत नाही, आणि त्यात तर चांदी नावालाही नसते. शंका आली तर सराफाकडून कस लावून घ्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचं काम: विचारा आणि लिहून ठेवा. मी पहिला टाक घेतला तेव्हा हे केलं नाही. घोडेस्वार वीर, शेजारी त्याची बायको, तिच्या कपाळावरचं कुंकू टिकलीएवढ्या उंचवट्यात दाखवलेलं. तो कुठल्या गावचा, कुठल्या कुळाचा, ती सती गेली होती का, हे सांगू शकणारी आजी टाक मोडीत देऊन निघून गेली होती. मी सराफाला तिचा पत्तासुद्धा विचारला नाही. आजही तो टाक हातात घेतला की ते मनाला लागतं. म्हणून गाव, कुळ, दैवत, टाक का दिला, सगळं त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहा. पावती घ्या. चोरीची शंका आली तर हात लावू नका, आणि घरच्यांचं मन नसेल तर आग्रह धरू नका; त्यांच्यासाठी तो देव आहे.

कायद्याचंही बघा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार 100 वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरू शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी नेता किंवा पाठवता येत नाही. परदेशातल्या भाचीला भेट म्हणून जुना टाक देण्याचा विचार असेल तर तो सोडा. नवा घडवून द्या.

घरी आणल्यावर चिंच, राख, टूथपेस्ट यांनी घासू नका. आधीच झिजलेला चेहरा पार पुसून जाईल. मऊ सुती कापडाने हलके पुसा, कोरड्या जागी ठेवा, रबरबँड लावू नका. प्रत्येक टाकाची वेगळी पुडी करा आणि त्याची चिठ्ठी त्याच पुडीला जोडा.