मोसंबीला पाणी बुंध्याशी नको, सावलीच्या कडेला द्या

(मार्चअखेर ते मृगाचा पाऊस, मराठवाड्यातील मोसंबी बागांसाठी)

ज्या बागांना ठिबक आहे, विहिरीत थोडंफार पाणीही आहे, अशाही बागा दर उन्हाळ्यात शेंड्याकडून वाळत येतात. खोलात गेलं की कारण बहुतेक वेळा एकच निघतं. कलम लावलं तेव्हा बुंध्याशी ठेवलेले दोन ड्रिपर झाड आठ वर्षांचं झालं तरी तिथेच असतात. झाडाचा घेर (फांद्यांचा आडवा विस्तार, एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत) चार मीटर झालेला असतो आणि ओल मात्र बुंध्याभोवती टोपलीएवढ्या जागेत.

बुंध्याजवळची जाड मुळं झाडाला धरून ठेवतात, पाणी फारसं शोषत नाहीत. शोषणारी बारीक, पांढरी मुळं फांद्यांच्या घेराखाली पसरलेली असतात, त्यातली बरीचशी वरच्या फूट-दीड फुटात. मोसंबीच्या मुळांना केसमुळंही कमी, त्यामुळे ओल जिथे मुळी आहे तिथेच पोहोचावी लागते. काळ्या जमिनीत हा थर सुकला की भेगा पडतात आणि ही मुळं तुटतात. मग नंतर पाणी दिलं तरी ते ओढायला मुळी उरत नाही.

झाड पाणी खालून वर ढकलत नाही. पानांतून वाफ निघते आणि तिच्या ओढीनं मुळापासून शेंड्यापर्यंतचा पाण्याचा अखंड धागा वर सरकतो. मुळांनी घेतलेल्या पाण्यातलं शेकडा ९५ हून जास्त पाणी असंच उडून जातं. खालून पुरवठा कमी पडला की आधी पानांची रंध्रं (वाफ बाहेर सोडणारी बारीक छिद्रं) मिटतात. वाफ थांबते, पण पानात अन्न तयार होणंही थांबतं आणि पान तापतं. ताण आणखी वाढला की लाकडातल्या बारीक नळ्यांमध्ये हवेचे बुडबुडे धरतात आणि धागा तुटतो. टोकाच्या फांद्या आधी जातात त्या म्हणूनच. अशा वाळलेल्या फांदीला, म्हणजे सलेला, पुन्हा पालवी येत नाही, कितीही टॉनिक मारलं तरी.

ताण ओळखायचा तो पहाटे, दुपारी नव्हे. दुपारी दोनला पानं थोडी वळलेली दिसणं चालतं. सूर्य उगवायच्या आधी बागेत जा आणि बोराएवढं फळ दोन बोटांत दाबून बघा. दिवसा पानं फळांतलं पाणी ओढून घेतात, रात्री ते भरून निघायला हवं. पहाटेही फळ मऊ लागलं आणि पान वळलेलंच असलं, तर मुळाशी पाणी पोहोचत नाही. मग घेराच्या कडेला फूटभर खोल उकरा. काळ्या मातीचा मुठीत गोळा झाला नाही, तर त्याच रात्री पाणी द्या.

ड्रिपर हलवायचे कसे

मे महिन्यात आपल्याकडे सूर्य जवळपास डोक्यावर येतो, त्यामुळे साडेबाराच्या सुमारास पडणारी सावली हाच झाडाचा घेर समजा. ड्रिपर त्या कडेच्या दोन-अडीच फूट आत हवेत. चार मीटर घेराच्या झाडाला बुंध्यापासून सव्वाचार फुटांवर नळीचं कडं करा. त्याला सव्वाआठ मीटर नळी आणि ताशी ४ लिटरचे ६ ड्रिपर लागतात. मुरमाड जमिनीत पाणी आडवं न पसरता सरळ खाली जातं, तिथे ८ ड्रिपर बसवा.

भर उन्हाळ्यात एकदम हलवू नका. इतकी वर्षं पाणी बुंध्याशी मिळाल्यानं जी थोडी चालू मुळी आहे ती तिथेच आहे. आधी ड्रिपर बुंधा आणि कड यांच्या मध्यावर आणा. पंधरा-वीस दिवसांनी कडेला न्या. जुनी आणि नवी ओल एकमेकींना भिडली पाहिजे.

बुंधा सतत ओला राहिला की डिंक्याही (खोडातून डिंक गळण्याचा रोग) तिथूनच सुरू होतो, म्हणजे नुकसान दुहेरी. मोकळं पाणी देत असाल तर दुहेरी आळं करा. आतलं बुंध्याभोवतीचं कोरडं ठेवा आणि पाणी बाहेरच्या आळ्यातच सोडा.

पाणी किती

मे महिन्यात दिवसाचं बाष्पीभवन १० मि.मी. धरा. त्याला ०.७ (बाष्पीभवन पात्राचा गुणांक) आणि पुन्हा ०.७ (पिकाचा गुणांक) ने गुणलं की ४.९ येतात, म्हणजे घेराच्या प्रत्येक चौरस मीटरला जवळजवळ ५ लिटर. चार मीटर घेराचं क्षेत्र साडेबारा चौरस मीटर. ठिबकमधली थोडी घट धरून झाडाला रोज ६५ ते ७० लिटर लागतं. सहा ड्रिपरना त्यासाठी पावणेतीन तास हवेत. जुन्या दोन ड्रिपरना साडेआठ तास लागतील, आणि तेवढी वीज कुणाला मिळते?

ड्रिपरखाली भांडं ठेवून १५ मिनिटं मोजा. १ लिटर भरलं नाही तर क्षारांनी तोंड धरलं आहे. आम्ल प्रक्रिया करून नळ्या धुऊन घ्या. आम्ल पाण्यात ओता, आम्लात पाणी कधीही नको.

पाणी निम्मंच असेल तर सगळीकडे थोडं थोडं शिंपडू नका. एका बाजूला पुरेसं द्या, दहा-बारा दिवसांनी बाजू बदला. कोरड्या बाजूची मुळं पानांना इशारा पाठवतात, रंध्रं थोडी मिटतात आणि ओल्या बाजूवर झाड तग धरतं. पाणी रात्री किंवा पहाटेच द्या.

आच्छादन आणि फवारणी

उसाचं पाचट, सोयाबीनचा भुसा, गव्हाचं काड, जे मिळेल ते ४ इंच जाड पसरा. बुंध्यापासून फूटभर अंतर सोडा. त्याआधी भेगा हलक्या खुरपणीनं बुजवा.

शिफारशीत बसणाऱ्या फवारण्या दोन: केओलिन (पांढऱ्या मातीची भुकटी) ८ टक्के, म्हणजे १० लिटर पाण्याला ८०० ग्रॅम, आणि पोटॅशियम नायट्रेट (१३:००:४५) १०० ते १५० ग्रॅम, १० लिटरला. दोन्ही वेगवेगळ्या आणि सकाळी लवकर. दुकानदार 'ताणमुक्ती'च्या नावानं बाटल्या आणि मोठ्या झाडांसाठी पाणी धरणाऱ्या जेलची पाकिटं पुढे करतात. तेवढ्या पैशांत नळी, ड्रिपर आणि ट्रॉलीभर पाचट येतं. ड्रिपर बुंध्याशीच असेल तर कोणतीही बाटली पाणी मुळीपर्यंत नेणार नाही.

पाणी तीस-चाळीस टक्क्यांवर आलं तर फळं काढून टाका. जीवावर येतं, पण २०१२-१३ च्या दुष्काळात जालना पट्ट्यात बागाच्या बागा वाळल्या, आणि मोसंबीचं झाड पुन्हा उभं करायला पाच-सहा वर्षं जातात.

बाकीची कामं

- सल काढणे, कापावर बोर्डो मलम
- खोडाला जमिनीपासून दोन-अडीच फूट बोर्डो मलम (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर)
- पाणसोट (खोडावरून जोमानं सरळ वाढणारे फुटवे) काढणे
- गाळणी आठवड्याला साफ करणे
- लहान कलमांना वरून सावली, शेजारी पाझरती मडकी
- नांगर, खोल वखर बंद

पहिला मोठा पाऊस झाला की बुंध्याजवळ सरकलेलं आच्छादन मागे ओढा आणि साचलेल्या पाण्याला चर काढून द्या. ड्रिपर हलवायचं राहूनच गेलं असेल तर पावसाळ्यात नळी थेट कडेला न्या, त्या ओलीत नवी मुळी तिथे धरते.